आत्याचा पाय कोण पाहणार

डनीडिन, न्यूझीलंड
२ मार्च १९९७

आत्याबाई,

तुमच्या चटईच्या कडेला बसून, मान खाली घालून हे सांगते आहे असं समजा. समोरासमोर सांगायची माझी छाती झाली नसती.

निकाल लागला. पास झाले, आणि बऱ्यापैकी वरच्या नंबराने. बाबांना सांगा, पण रविवारी चर्चमध्ये उभं राहून जाहीर करायला लावू नका. ते अर्धा तास बोलतील आणि मग सगळ्या गावाला जेवायला घालतील.

पदवी झाली की घरी यायचं असं ठरलं होतं. आता थोडं वेगळं आहे. आमच्या विभागाच्या बाई, डॉक्टर ग्रीव्ह, मला पुढे संशोधन कर म्हणतात. विषय असा की माणसं लठ्ठ का होतात, आणि त्यातून मधुमेह कसा होतो. मधुमेह म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं 'साखर' म्हणतात तो आजार. तुम्ही आता हसत असाल. हसून झालं की पुढे वाचा. आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, आणि बाबांची थोरली बहीण म्हणून आमच्या घरात शेवटचा शब्द तुमचा. तेव्हा परवानगी तुमचीच मागायची.

अर्जासोबत एक पान लिहायचं आहे, हाच विषय का निवडला म्हणून. मी लिहिलं की आपल्या समुद्रातल्या बेटांवर हा आजार फार आहे, खाणं बदललं आहे, वगैरे. बाईंनी ते वाचून परत दिलं. म्हणाल्या, "हे कोणीही लिहील. यात तू कुठे आहेस?" दोन आठवडे झाले, पान कोरंच आहे.

म्हणून एक विचारते. आजी कशाने गेली? मी चार वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की तिच्या खोलीत मला जाऊ देत नसत, आणि दाराशी कोणीतरी सतत माशा हाकलत बसलेलं असे.

माझी तब्येत उत्तम आहे. इथे थंडी आहे आणि कोणी कोणाला जेवायचा आग्रह करत नाही.

तुम्ही वाढवलेली,
तोआकासे


उइहा बेट, हाआपाई, टोंगा
२ एप्रिल

पोरी,

वादळाने बोटी बंद होत्या, म्हणून तुझं पत्र पलीकडच्या बेटावर, पांगाईच्या पोस्टात पडून राहिलं. आपल्याकडे स्वयंपाकघराचं छप्पर गेलं आणि टेलिफोनचा खांब पडला. माणसं आहेत तशी आहेत.

पास झालीस हे वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि पुढचं वाचून ते उतरलं. चार बुकं शिकून शेवटी माणसं जाड का होतात ते शोधणार? ते मी इथे बसून सांगते. जेवतात म्हणून होतात. ज्याच्यावर कोणाची माया आहे त्याच्या पानात वाढलं जातं, आणि ज्याच्या पानात वाढलं जातं तो भरतो. तुझी चुलत बहीण ऑकलंडहून आली ती काठीसारखी होऊन. तिच्या आईला चर्चमध्ये तोंड दाखवायची चोरी झाली. लोक म्हणाले, पोरीला तिकडे कोणी विचारत नाही वाटतं.

ईस्टरचं जेवण मोठं झालं. मला नेहमीप्रमाणे सर्वांत वरची जागा. डुकराच्या पाठीचा तुकडा पहिला माझ्या पानात, मग अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं खारं मांस, कोनफळ, मेंढीची चरबी. तुझा बाप लांब बसला होता, तरी माझं पान रिकामं दिसलं की भुवईने खूण करायचा आणि कोणीतरी वाढायचं. भावाने पाठवलेलं पान परत करणारी बहीण मी अजून पाहिली नाही. तुमच्या त्या बाईंनी पाहिली असेल तर मला कळव.

आता तुझा प्रश्न. माझ्या आईचा पाय पोवळ्याच्या खडकाने कापला. ते चिघळलं आणि ती गेली. तिचं काळीज मोठं होतं, त्याला काही झालं नव्हतं. साखर वगैरे तेव्हा नव्हती. तुला खोलीत येऊ देत नव्हते, कारण तू तिच्या अंगावर चढायचीस.

तुझ्यासाठी चटई विणायला घेतली आहे, पण उशीर होईल. नाताळापासून माझ्या पायांची आग होते. भट्टीच्या राखेत उभी केल्यासारखी. चादरीचा स्पर्शही सोसत नाही. हे काळजी करण्यासाठी लिहीत नाही, चटई का अडली ते कळावं म्हणून लिहिते. औषध देणारी तौपोउ येऊन बघून गेली. तिच्या मनात काहीतरी आहे, ती तुझ्या बापाशी, सेमिसीशी बोलणार आहे.

परवानगीचं मी ठरवलेलं नाही. मला घाई करू नकोस.

तुझी आत्या,
उनालोतो


डनीडिन
१६ एप्रिल

आत्याबाई,

आधी क्षमा मागते. भाचीने आत्याच्या अंगाविषयी विचारायचं नसतं हे मला माहीत आहे. तरीही विचारते.

आग एका पायात आहे की दोन्ही? बोटांपासून वर चढते आहे का? पायाला कुठे जखम, फोड, भोक आहे का? तहान फार लागते का, सारखं उठावं लागतं का? पाय खालून कसा दिसतो ते तुम्हाला वाकून दिसणार नाही. कोणा बाईला तरी पाहायला सांगा. विणायला बसणाऱ्या बायकांपैकी कोणीही चालेल. तुम्ही त्यांच्या म्होरक्या आहात आणि तुम्हाला लाज वाटेल, हे मी जाणून आहे. पण विणताना लुंगीची घडी पायावर ओढून तुम्ही पाय लपवत असाल, असं मला उगाच दिसतं आहे.

अनवाणी चालू नका. पाय शेकू नका, गरम पाण्यात घालू नका. आणि पुढच्या बोटीने पांगाईला जाऊन नर्सकडे रक्त तपासून घ्या. बोटातून एक थेंब काढतात, मुंगी चावल्याएवढं लागतं.

ही आग नसांची असते. रक्तात साखर फार वर्षं राहिली की पायाच्या नसा जळत जातात. मी हे पुस्तकात वाचलेलं आहे, तुमच्याविषयी वाचलेलं नाही. माझं चुकत असेल. चुकत असेल तर मला मनसोक्त शिव्या घाला, मी पत्र जपून ठेवीन.

रोज पोस्टाच्या पेटीपाशी जाते.

तोआकासे


उइहा
९ मे

पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा काम होऊन गेलं होतं. तुझे इतके प्रश्न, आणि देवाने त्याआधीच उत्तर दिलं.

तौपोउने सेमिसीला सांगितलं की तुमच्या आईच्या हाडांना काहीतरी टोचतं आहे, आणि त्याचा त्रास तिच्या एका लेकराला होतो आहे. कोणाला आणि कुठे, ते ती बोलली नाही. भावासमोर बहिणीच्या पायाचं नाव कशी घेईल? तो समजला आणि काही विचारलं नाही. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे सगळे दफनभूमीत गेले. पांढरी वाळू बाजूला केली, प्रार्थना झाली आणि आईला उघडलं. तुला वाटेल हे जुनं खूळ आहे. पण ऐक. कडेच्या सुरूच्या झाडाचं मूळ थेट आईच्या उजव्या पायातून गेलं होतं. माझ्याही उजव्याच पायाची आग जास्त. तीन बोटांची हाडं मुळाने पार खाऊन टाकली होती, आणि बाकीची टोकाला झिजून पेन्सिलीसारखी झाली होती. सेमिसीने मूळ कापलं. हाडं खोबरेलाने पुसली, सालीच्या नव्या कापडात गुंडाळून सरळ ठेवली आणि वर नवी वाळू पसरली. मी लांब उभी राहून रडले. इतकी वर्षं ती बिचारी दुखत होती आणि आम्हाला कळलं नाही.

चार दिवसांत माझी आग थांबली.

थांबली म्हणजे पूर्ण थांबली. चादर, वाळू, कशाचाच त्रास नाही. आता मी रात्रभर झोपते. पुढच्या आठवड्यात तर गंमत झाली. दिवसभर चर्चची झाडलोट केली आणि घरी येऊन चप्पल काढते तर तळातून खिळा वर आलेला, चांगला बोटाच्या पेराएवढा. दिवसभर त्याच्यावर चालले आणि मला पत्ताही नाही. बायकांना दाखवला तर त्या म्हणाल्या, तुमच्यावर आईचा हात आहे.

खिळ्याचं लहानसं भोक पडलं आहे, दहा सेनितीच्या नाण्याएवढं. दुखत नाही. तौपोउने पाला बांधला आहे. थोडा वास येतो आणि माशा घोंगावतात, म्हणून गेल्या रविवारी, मुलांच्या सणाला, मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे बसले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं.

तुझ्या त्या बाईंना सांग की उइहाला येऊन शिकून जा. परवानगीचं मी चांगल्या मनाने विचारात घेतलं आहे, कारण सध्या मी फार आनंदात आहे.

तुझी आत्या


डनीडिन
२४ मे

बाबा,

हे पत्र तुम्हाला आहे. एकट्याने वाचा, आत्याबाईंना दाखवू नका.

बेटावरचा टेलिफोन अजून बंद आहे. पांगाईच्या पोस्टात मी तीनदा निरोप ठेवला, तो तुमच्यापर्यंत आला की नाही कळत नाही. मी स्वतः निघाले असते, पण तिकीट हातात नाही, आणि हे पत्र माझ्याआधी पोचेल.

आत्याबाईंच्या पायाची आग थांबली, ती बरी झाली म्हणून नाही. नसा मेल्या म्हणून थांबली. पाय जळत होता तोवर जिवंत होता. आता त्यात खिळा जातो आणि त्यांना कळत नाही. आजीची बोटं मुळाने खाल्ली नाहीत, बाबा. ती जिवंत असतानाच आतून सडून झिजली होती, याच आजाराने. मी ती हाडं पाहिली नाहीत, पण पेन्सिलीसारखी टोकं झालेल्या हाडांची चित्रं माझ्या पुस्तकात आहेत. ती पाहून मी पुस्तक मिटून ठेवलं.

त्या जखमेला वास येतो, असं आत्याबाईंनी स्वतः लिहिलं आहे. वास येतो म्हणजे दिवस फार कमी आहेत. आधी पाय जातो, मग माणूस.

म्हणून तुमच्याकडे असं मागते, जे मुलीने बापाकडे मागू नये. तुम्ही तो पाय पाहा. बहिणीच्या पायावरचं कापड भावाने दूर करायचं नसतं, तिच्या अंगाचा विषयही काढायचा नसतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. पण दुसऱ्या कोणाचं त्या ऐकणार नाहीत. सगळे त्यांच्याहून खाली आहेत. त्या बायकांना दाखवणार नाहीत, तौपोउ पाला बांधत राहील, आणि सगळा गाव मानाने तोंड फिरवून बसेल. तळवा पाहा, बोटांच्या फटी पाहा. काळं दिसलं, वर लाल रेघ चढलेली दिसली, तर पहिल्या बोटीत घाला. पांगाईला थांबू नका, सरळ नुकुअलोफाच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

आणखी एक, जे मी त्यांना सांगितलं नाही. मागच्या वर्षी वर्गात आम्ही एकमेकांच्या बोटातलं रक्त तपासत होतो. माझा आकडा पाहून जोडीदाराला वाटलं की यंत्र बिघडलं. पुन्हा घेतलं, तेवढाच. मी म्हटलं, आत्ताच गोड चहा प्यायले. मी चहा प्यायले नव्हते. मी तेवीस वर्षांची आहे, बाबा, आणि मला साखर आहे. गेले सात महिने मी हे कोणाला बोलले नाही, आणि औषधही घेतलं नाही. तुम्ही सगळे जे करता तेच मीही केलं.

उद्या डॉक्टरकडे जाते आहे. तुम्ही आत्याबाईंच्या दारात जा.

तोआकासे


नुकुअलोफा, दवाखाना
१५ जून

तोआकासे,

मला पत्र लिहायची सवय नाही. जसं झालं तसं सांगतो.

तुझं पत्र बोटीवरच्या माणसाने हातात दिलं. मी ते समुद्रावर जाऊन वाचलं. मग दोन दिवस काही केलं नाही. हे मी लपवत नाही. दहा वर्षांचा झालो तेव्हा मला घरातून काढून मुलांच्या झोपडीत झोपायला पाठवलं, कारण बहीण मोठी झाली होती. त्यानंतर मी तिच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. ती समोरून आली की मी वाट सोडतो. छप्पन्न वर्षांचा झालो तरी सोडतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेलो. बाहेरूनच म्हटलं, "मला माफ कर, मी आत येतो आहे." ती म्हणाली, "सेमिसी, तुला वेड लागलंय काय, निघ इथून." मी आत गेलो. तिने हाताला लागेल ते फेकलं. मी जमिनीवर बसलो, तिच्याकडे पाहिलं नाही, नुसत्या पायाकडे पाहिलं. आणि पाला सोडला.

काय पाहिलं ते लिहीत नाही. तुझ्या पुस्तकात असेल. आत हाड दिसत होतं, पोरी. मी बोट लावलं आणि तिला कळलंही नाही. ती दुसरीकडे बघत मला शिव्या देत होती आणि माझं बोट तिच्या पायात होतं.

मी तिला उचललं. ती जड आहे, आणि मी सगळ्या गावादेखत तिला धक्क्यापर्यंत उचलून नेलं. लोक घरात गेले आणि दारं लावून घेतली, त्यांना बघवेना. बोटीवर समुद्र खवळलेला होता. तिला ताप चढला, ती मला आई म्हणून हाक मारायला लागली. मी फार घाबरलो. वाऱ्याला शिव्या देत होतो आणि मधूनच प्रार्थना म्हणत होतो.

गुडघ्याखालून पाय कापला. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस मी समुद्रावर बसून घालवले, त्यांचा हिशेब ते मला सांगत होते असं वाटलं.

ती जिवंत आहे. पण माझ्याशी बोलत नाही. मी आलो की भिंतीकडे तोंड करते. मी व्हरांड्यात बसतो. तिला वाचवलं की बाटवलं, ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर लिही.

औषध घे.

बाबा


डनीडिन
३ जुलै

आत्याबाई,

हे माझं दुसरं पत्र. पहिल्याचं उत्तर आलं नाही, याचंही नाही आलं तर मी तिसरं लिहीन.

बाबांनी जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं. पाप असेल तर ते माझं आहे. भिंतीकडे तोंड करायचं तर माझ्या पत्राकडे पाठ करा, त्यांच्याकडे करू नका. ते व्हरांड्यात बसून खंगतील.

मी रोज गोळी घेते. साखर उतरली आहे. घाबरते अजूनही. पायात मोजे घालताना रोज सकाळी दहाही बोटं दाबून बघते, दुखतं का. दुखलं की बरं वाटतं.

अर्जाचं ते पान बाईंना दिलं. त्यावर एकच ओळ लिहिली होती: माझ्या आत्याचा पाय दुखायचा थांबला, म्हणून. बाईंनी ते पान तसंच अर्जाला लावलं. जागा मिळाली आहे. पण तुमची परवानगी आल्याशिवाय मी होकार कळवणार नाही. मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे.

तोआकासे


उइहा
६ ऑक्टोबर

पोरी,

इतके महिने लिहिलं नाही, कारण मी रागावले होते. तुझ्यावर, सेमिसीवर, खिळ्यावर आणि माझ्या आईवर. एवढ्यांवर रागवायचं म्हणजे वेळ लागतो.

आता घरी आहे. लाकडी पाय दिला आहे, तो मी रविवारी लावते. सेमिसीशी ऑगस्टमध्ये बोलले. तो कुंपणापलीकडे उभा होता. मी म्हटलं, कोनफळं आणून दे. त्याने इतकी आणली की अर्धी सडली. आमच्यात याहून जास्त बोलायची रीत नाही, आणि जास्त काही राहिलंही नाही.

तू बोटं दाबून बघतेस ते मी दोनदा वाचलं. तुला साखर आहे हे बापाला आधी कळावं आणि मला मागून? मी तुला इतकं लपवायला शिकवलं असेन, तर चूक माझी आहे. मी ते इथे स्पष्ट लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

पुढचं ऐक. गेल्या महिन्यात मी विणायला बसणाऱ्या सगळ्या बायकांना माझ्याकडे बोलावलं. चौदा जणी. दार लावलं आणि म्हटलं, चपला काढा, पाय पुढे करा. कोणी हलेना. मग मी माझा लाकडी पाय काढून मध्ये ठेवला आणि म्हटलं, माझा मान ठेवायचा असेल तर असा ठेवा. एकेक करून सगळ्यांनी पाय पुढे केले. मी केवड्याच्या काट्याने प्रत्येकीचा तळवा टोचून पाहिला. पाचजणींना टोचलेलं कळलं नाही. दोघींच्या पायाला जखमा होत्या, एकीची तर नाताळापासूनची. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. पाचही जणींना पांगाईला पाठवलं. तौपोउला बरोबर पाठवलं, म्हणजे तिलाही अक्कल येईल.

तुझ्या कामाला माझी परवानगी आहे. होकार कळव. माणसं जाड का होतात ते शोध, आणि पान परत करायचं झालं तर कसं करायचं, तेही शोध. ते मला अजून जमलेलं नाही.

इथवर मी गुरुवारी लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते, कारण काल जे झालं त्यानंतर मला झोप नाही.

काल मिशनरी रविवार होता, चर्चला देणग्या द्यायचा. तापल्या दगडांची भट्टी सेमिसीच्या अंगणात जमिनीत लावली होती. तो पोरांना दगड कसे पसरायचे ते सांगत होता, नेहमीसारखा ओरडत, एका पायात चप्पल, दुसरी कुठे तरी सटकलेली. मी माझ्या दारातून बघत होते. मांस भाजल्याचा वास आला. बायका म्हणाल्या, डुकराला चांगली आच लागली वाटतं. पण डुक्कर अजून झाडाखाली होतं, भट्टीत घातलंच नव्हतं. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सेमिसी लालभडक दगडावर उघडा पाय ठेवून उभा होता, आणि बोलत होता.

कोणीतरी त्याला ओढलं. त्याने पाय उचलून तळवा पाहिला आणि हसला. म्हणाला, "काही नाही, दुखत नाही." पोरंही हसली. म्हणाली, म्हाताऱ्याची कातडी कासवाची आहे.

मी हाक मारली. म्हटलं, सेमिसी, इकडे ये, पाय दाखव. तो थबकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बहिणीला पाय दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही अजून." आणि लंगडतही नव्हता पोरी, सरळ चालत घरामागे निघून गेला. मी उठायला गेले तर लाकडी पाय चर्चहून आल्यावर काढून ठेवलेला होता. दारातच पडले.

आज सकाळी तो मासे धरायला समुद्रात उतरला आहे. बायका सांगतात, फडकं गुंडाळलं आहे.

मी बोटीतही एवढी भ्याले नव्हते. तेव्हा निदान मला उचलायला तो होता.

होकार कळव, आणि मग ये. तुझी परीक्षा, तुझ्या बाई, काय असेल ते बाजूला ठेव आणि ये. माझं तो ऐकत नाही, आणि इथे त्याच्या पायाकडे बघेल असं दुसरं कोणी नाही.

उनालोतो